तेलहळदीचा पाइप

बोअरमधली मोटार काढायची म्हटलं की वडवणी तालुक्यात जालिंदर उजगऱ्याचं नाव निघायचं, आणि नावाबरोबर थोडं हसूही निघायचं. कारण हा गडी कामाला हात घालण्याआधी अर्धा तास नुसती तयारीच करायचा. तीन पायांचा लोखंडी घोडा उभा केला की त्याच्या पायांखाली फळ्या घालायचा, चेनपुलीची एकेक कडी बोटांखालून काढायचा आणि बघ्यांना वीस पावलं मागं हाकलायचा. मोटार काढतोय का लग्न लावतोय, असं लोक म्हणायचे.

ही शिस्त त्यानं गुजरातेतून आणली होती. तरुणपणी मुकादमाशी भांडून त्यानं ऊसतोडीची टोळी सोडली आणि तिकडच्या तेलाच्या विहिरींवर ठेकेदाराच्या हाताखाली लागला. तिथं विहीर दुरुस्त करायची म्हणजे मोठं रिग, म्हणजे लोखंडी मनोरा, उभं करून हजारो फूट पाइप वर ओढायचे आणि पुन्हा खाली सोडायचे. पाच वर्षं त्यानं तेच केलं. पाइपाला पकड बसते ती जागा कोरडी हवी, टांगलेल्या वजनाखाली माणूस नको, आणि काही चुकतंय असं वाटलं तर झाडूवाल्यानंही हात वर करायचा, की काम थांबलंच. या शेवटच्या गोष्टीचं जालिंदरला फार अप्रूप. आपल्यासारख्याच्या हातानं साहेब थांबतो, हे तो गावी येऊन सांगायचा, पण ते कुणाला पटायचं नाही.

इकडं त्याची गाठ पडली तेलहळदीशी. बोअरमध्ये पाइप सोडायचा तर आधी त्याची पूजा व्हायची. घरची म्हातारी करडईच्या तेलात हळद कालवून पाइपाला फासणार, वर कुंकू लावणार. जालिंदरचा घोडा पंधरा फुटी आणि पाइप वीस फुटी, त्यामुळं वजन धरणारी लोखंडी पकड, म्हणजे वरचा क्लॅम्प, पाइपाच्या मधोमध, उघड्या अंगावरच आवळावा लागायचा. तिथं तेल म्हणजे घात. म्हणून नारळ फुटेपर्यंत तो बाजूला उभा राहायचा आणि मग तेवढी वीतभर जागा माती चोळून, फडक्यानं पुसून कोरडी करायचा.

असंच एका गावात पुसताना बिभीषण नावाच्या बागायतदारानं त्याचा हात धरला. जालिंदर बौद्ध, त्याच्या बापानं छप्पन साली देव सोडले, हे सगळ्यांना ठाऊक. बिभीषण म्हणाला, "तुमाला देव न्हाईत म्हणून आमचं कुंकू पुसतूस व्हय रं?" काम अर्धवट असतानाच त्यानं जालिंदरला घालवून दिलं, आणि पुढं वर्षभर आसपासच्या पाच गावांतून एकही बोलावणं आलं नाही. तेव्हापासून तो पुसायचा, पण लोकांची नजर चुकवून, चोरी केल्यासारखा.

मग दोन हजार तेराचा उन्हाळा आला. पिंपरटेक गावातल्या विहिरी आणि बोअर कोरडेठाक पडले. टँकर पाचव्या दिवशी यायचा. गावात पाणी होतं ते फक्त सहकारी दूध सोसायटीच्या आवारातल्या बोअरला. जनावरं छावणीत गेल्यामुळं दूध कधीच बंद झालं होतं, पण चेअरमन आप्पारावानं घरटी दोन घागरी पाणी चालू ठेवलं होतं. एप्रिलमध्ये तीही मोटार हवा ओढू लागली. नवा पाइप जोडून ती वीस फूट खाली सोडायची ठरलं आणि जालिंदरला बोलावणं गेलं.

घोडा उभा राहिला तेव्हा सगळं गाव घागरी घेऊन आवारात आलं होतं. आप्पारावाची आई सरूबाई, ऐंशीला टेकलेली, सोसायटीची पहिली सभासद. तिनं नव्या पाइपाला तेलहळद अशी मनापासून फासली की तळापासून शेंड्यापर्यंत पाइप पिवळा झाला. मग मागं लोकांत जाऊन ती हात जोडून, डोळे मिटून उभी राहिली.

पाइप जोडून झाला. चेन ओढायला जालिंदरचा मेहुणा सिदू होता. तो हळूच म्हणाला, "दाजी, पुसायचं न्हाई का?"

फडकं जालिंदरच्या खिशात होतं. त्यानं म्हातारीकडं पाहिलं, गर्दीकडं पाहिलं. इथं नजर चुकवायला जागाच नव्हती. गुजरातेत त्यानं हात वर केला असता.

"बोल्ट लई आवळ," तो म्हणाला. "धरंल."

बोअरच्या तोंडावरचा, खालचा क्लॅम्प सोडला आणि सगळं वजन वरच्या क्लॅम्पवर आलं. क्षणभर धरलं. मग पाइप क्लॅम्पमधून सर्रकन घसरला, त्याच्या वरच्या टोकाचा जाड सॉकेट क्लॅम्पवर आदळला आणि त्या हिसक्यानं खालच्या पाइपाचा गंजलेला आटा तुटला. पावणेचारशे फूट पाइप मोटारीसकट खाली गेला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, बघे सगळे वीस पावलं मागं होते. चार दिवस गळ टाकून पाहिले. बोअर कायमचा बुजला.

आठवड्यानं सोसायटीत बैठक भरली. आप्पाराव भला माणूस. पाइप जुने होते, कुणाचा दोष नाही, एवढंच लिहून विषय संपवायला निघाला होता. जालिंदर उभा राहिला. "पाइपाला तेल व्हतं," तो म्हणाला. "मी पुसलं न्हाई."

सेक्रेटरी रामहरीनं विचारलं, "तू तर सगळीकडं चोरून पुसतूस म्हणत्यात. आमच्याच बोअरला कावून न्हाई पुसलंस?"

"पुसलं असतं तर तुमी काय म्हणला असता, आण्णा?"

रामहरी कागद चाळू लागला. मग दाराशी बसलेली सरूबाई म्हणाली, "मी काय बी म्हणले नसते, लेकरा. पाण्याम्होरं कुकवाचं काय येवढं?"

आठ दिवस जालिंदरनं मनाशी सगळ्या शिव्या ऐकून ठेवल्या होत्या. या उत्तराची तयारी त्यानं केली नव्हती. म्हातारी आज हे म्हणतेय, का त्या दिवशीही म्हणाली असती, हे आता कळायला मार्ग नव्हता. आणि खरंच म्हणाली असती, तर एका भीतीपायी त्यानं अख्ख्या गावाचं पाणी घालवलं होतं.

"मग त्या दिशी बोलायचं व्हतं, माय," तो कसाबसा म्हणाला.

"तू इचारलंस का मला?"

जालिंदर खाली बसला आणि सगळ्यांदेखत रडला. बाहेर बाया घागरी घेऊन चार कोसांवरच्या तळ्याकडं निघाल्या होत्या, आणि ते तळं मे महिना गाठणार नाही हे आतल्या प्रत्येकाला माहीत होतं.