गॅरेजची डावी भिंत

परवा फोनवर तुम्हाला घर दाखवत होते तेव्हा तुम्ही दोघा नातवंडांनी विचारलंत, गॅरेजच्या बाकी भिंतींवर सगळं टांगलेलं आहे, मग डावी भिंतच मोकळी का? मी विषय बदलला. आजोबा शांतपणे गेले, एवढंच तुम्हाला सांगितलेलं होतं. ते खरंच आहे. पण भिंतीबद्दलही आता सांगायला हवं.

त्यांना डायलिसिसला नेण्यासाठी दिघीला गाडी फेरीबोटीत चढवायची, पलीकडे आगरदांड्याला उतरायचं आणि पुढे इस्पितळ गाठायचं. गाडी त्यांचे धाकटे भाऊ चालवायचे, माझे दीर. पण या सगळ्यात अवघड होतं ते आमचं अंगण. चिखलातून दोघेजण आजोबांना खुर्चीत बसवून उचलून न्यायचे. अंग दुखायचं त्याचं त्यांना काही नव्हतं. शेजारचे बघायचे, ते त्यांना सोसत नसे.

म्हणून मी गॅरेज बांधायला काढलं. वादळात पत्रे उडालेली जुनी खोपी पाडली आणि नव्याने पाया खणला. जांभ्या चिऱ्यांचं जोतं पडवीच्या बरोबरीला आणलं. बाहेरून गाडी चढायला उतार केला. जमिनीचा सिमेंटचा कोबा मुद्दाम खरबरीत ठेवला, वॉकर घसरू नये म्हणून. पडवीतून गॅरेजमध्ये जायच्या दाराला उंबरा नको म्हटलं, तेव्हा गवंडी थांबलाच.

“बाई, उंबरा न्हाय तर लक्ष्मी थांबंल कशी?”

“तिला वॉकर घेऊन यावं लागलं की कळेल,” मी म्हटलं.

माझा नियम एकच होता, जमिनीवर गाडीशिवाय काहीही नाही. शिडी, कोयता, दोर, पंप, सगळं भिंतीवर. आपल्याकडे पावसाआधी कोरडी जागा दिसली की सरपण, नारळाची सोडणं, गोण्या आपोआप तिथे येतात. दिरांना मी आधीच बजावलं होतं.

“एवढी जागा आणि एक गोणी ठेवायची न्हाय?” ते म्हणाले. “वहिनी, देवळात नारळ तरी ठेवू देतात.”

मे संपत आला होता. बोर्ली पंचतनच्या बाजारातून मी परतले, तर डाव्या भिंतीला छातीएवढी लाकडं रचलेली. आंब्याची, फोडलेली, वाळलेली. गाडीच्या दाराला टेकतील इतकी पुढे आलेली. मी दिरांना हाक मारली. ते खाली बघत म्हणाले, “दादानं सांगितलं.”

मी आत गेले. “घरात गॅस आहे. इतकं सरपण कशाला?”

“चुलीसाठी नाही ते,” आजोबा म्हणाले.

मी हातातली पिशवी खाली ठेवली. तेच पुढे बोलले. “मागच्या पावसात पलीकडच्या काकांचं काय झालं, पाहिलंस ना? ओली लाकडं. किती रॉकेल ओतलं तरी नुसतं धुमसत होतं. मुलगा छत्री धरून उभा. माझं तसं नको.” मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “आणि त्या मशीनवर मी आता जाणार नाही.”

“मग हे गॅरेज मी कशाला बांधलं?”

“चांगलं झालंय. कोरडं आहे.”

आजारी माणूस असलेल्या घरात पावसाआधी अशी लाकडं येतात, त्यावर कोणी बोलत नाही. मी बाहेर आले. दिरांना घेऊन ती रास मोडली. खाली चिरे मांडले, लाकडं लांबीप्रमाणे निवडून भिंतीला घट्ट रचली, वॉकरला वाट केली. मग आजोबांना सांगितलं, “लाकडं राहतील. गाडीचीही वाट मोकळी आहे. उद्या काय करायचं ते तुम्ही ठरवा.”

सकाळी ते वॉकर घेऊन दारात आले. बराच वेळ त्या राशीकडे बघत राहिले. “चळत बरी लावलीस,” म्हणाले आणि गाडीत बसले. “चला, बोट चुकेल.”

आषाढभर ते जात राहिले. कोणी त्यांना उचललं नाही. श्रावणात एकदा दारापर्यंत आले, गाडीच्या खिडकीवर हात ठेवला आणि म्हणाले, “आज नको.” दिरांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडीची चावी त्यांच्या हातातून घेतली आणि खुंटीला अडकवली. त्यानंतर आजोबा थोडेच दिवस होते. शेवटी दुखणं फारसं नव्हतं, झोप मात्र पुष्कळ.

ते गेले त्या दिवशी पाऊस एकसारखा होता. माणसं जमली आणि दबक्या आवाजात एकमेकांना लाकडांचं विचारू लागली. दिरांनी गॅरेज उघडलं. टेम्पो उतारावरून थेट आत घेतला, ताडपत्री बांधली. लाकडं खडखडीत होती. एकही भिजलं नाही. स्मशानातून परतल्यावर दिरांनी मला तेवढंच सांगितलं, “नीट झालं, वहिनी.”

मी सालपटं झाडून काढली. चिरे तिथेच आहेत.

यंदा पावसाआधी दिरांनी विचारलं, “त्या भिंतीला आता खुंट्या ठोकू?”

“नको,” मी म्हटलं. “ती जागा पुढे मला लागेल.”

त्यांनी हातोडी परत तिच्या जागी टांगली.