तापल्यावरचा आवाज

३ मे, रविवार. वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्यांची देठं काढून झाली. हात चुरचुरत आहेत, तरी लिहायला बसले, कारण उद्या बसणार नाही हे मला माहीत आहे. ही गोष्ट मी आईला सांगितली नाही, मुलीला नाही. नवऱ्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं.

दुपारी माझी भाची प्रज्ञा आली होती – नवऱ्याच्या बहिणीची मुलगी. कर्जतला एका बँकेत नुकतीच लागली आहे, गिटार शिकते. तिला जुना, वॉल्व्हचा ॲम्प्लिफायर हवा आहे. नवा परवडत नाही, आणि जुन्याचा आवाज गोड असतो म्हणे. ‘मामा, चल ना बघायला माझ्याबरोबर. तू वाजवायचास ना?’ अनंत – माझा नवरा – पंख्याखाली पेपर वाचत होता. म्हणाला, ‘मला नको नेऊस गं. माझा कान कच्चा हाय. फसशील.’

हसत म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला ते हसत म्हणायची सवय झाली आहे. मी मिरच्यांवरून मान वर केली नाही.

त्याचा कान कच्चा नाही. कधीच नव्हता.

लग्नानंतरच्या वर्षांत तो आमच्या गावच्या भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवायचा. खोपोलीच्या कंपनीतून पाळी संपवून यायचा, तोंड धुवायचा आणि बाहेर पडायचा. जयंतीचे दिवस, लग्नं, हळदी – घरात असायचा कुठे? एकदा जेवताना सहज म्हणाला, पार्टीचं बस्तान बसलं तर कंपनी सोडीन म्हणतो. मी वाढत होते. वाढत राहिले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्ही दोघं त्याच्या गिटारसाठी ॲम्प्लिफायर घ्यायला चौक गावी गेलो. जुन्या हायवेवर एका गॅरेजच्या मागे एक माणूस मुंबईच्या बंद पडलेल्या हॉटेलांतलं सामान विकायचा. आमच्या ऐपतीत बसतील अशी दोनच मशीनं होती. एक लहान, पत्र्याचं, दिसायला डबा. दुसरं वॉल्व्हचं – लाकडी खोका, पुढे पिवळट कापड, आत काचेचे दिवे लागत. अनंतने मला नेलं ते भाव पाडायला. माझ्या वडिलांचं खालापूरला लाउडस्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं, पण तिथे मी नुसत्या पावत्या फाडत असेन असा त्याचा समज. मीही तो कधी खोडला नव्हता.

वडिलांची एक रीत होती. वॉल्व्हचं मशीन दुरुस्तीला आलं की ते चालू करून ठेवायचे आणि दुसऱ्या कामाला लागायचे. गार मशीन कुणाचंही चांगलंच वाजतं, म्हणायचे. चांगलं तापलं की मग त्याच्यापाशी कान न्यायचा. लहानपणी हे काम माझं होतं. आवाज कुठे बसतो, कुठे फाटतो, हे मला डोळे मिटून सांगता यायचं.

त्या दिवशी दुकानदाराने वॉल्व्हचं मशीन लावलं आणि अनंतने तार छेडली. सुंदर आवाज. त्याचा चेहरा – जाऊ दे. तेवढ्यात दुकानदाराला कुणाचा तरी फोन आला, तो बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. अनंत स्वतःची गिटार घेऊन त्या पत्र्याच्या डब्याकडे वळला, तो वाजवून बघू लागला. वॉल्व्हचं चालूच होतं, दुकानातली गिटार त्याला जोडलेलीच होती. मी त्याच्या बाजूला उभी होते. जाता जाता एक तार छेडली असेल मी – एकच. खर्ज फाटला होता. दुसऱ्यांदा छेडली. आवाज खाली बसत चालला होता.

अनंतने वॉल्व्हच्या मशीनकडे बोट करून विचारलं, ‘ह्याचा आवाज तुला कसा वाटतो गं?’

मी म्हटलं, ‘छान आहे की. हेच घ्या.’

भावही पाडून दिला.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ... नाही, थांबले नाही. घरी तो सरावाला बसला की मी पंधरा-वीस मिनिटांत म्हणायचे, पुरे आता, मुलगी झोपते आहे. मुलगी बरेचदा जागीच असायची. तापलेलं मशीन त्याला कधी ऐकूच येऊ दिलं नाही मी. असं काही रागाच्या भरात होतं का? हे तर रोज, ठरवून होत होतं.

कशेळ्याच्या कार्यक्रमात पहिली तीन गाणी छान झाली. चौथ्यापासून गिटार बसली. जोर लावला की फाटे, जोर काढला की ऐकू येईना. तो गोंधळला, ताल चुकला. पार्टीचे मुख्य गायक माइकवरच म्हणाले, ‘अनंता, ठेव रं ती बाजूला. कान हाय का नुसतं भोक?’ लोक हसले. मीही बायकांत बसले होते. पदर तोंडावर घेतला.

वडिलांचं दुकान तोवर बंद पडलं होतं, म्हणून मशीन एका मेकॅनिकला दाखवलं. त्याने लावलं, दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, मशीन ठीक हाय, वाजवणाऱ्याला बघा. अनंतने ते खरं मानलं. महिन्याभरात पार्टी सुटली, मग गिटार गेली. कंपनी सुटली नाही. मला जे हवं होतं ते सगळं झालं. घर झालं, मुलगी शिकली. पण तो लग्नाच्या मांडवात गाणं लागलं तरी गुणगुणत नाही. कुणी विचारलंच तर सांगतो, आपल्याला सुराचं काय कळत नाय.

सांगून आता काय होईल? त्याची बोटं तशी राहिली नाहीत, पार्टीतले निम्मे लोक राहिले नाहीत. मी सांगितलं तर त्याला फक्त एवढंच मिळेल – की ते त्याच्याकडे होतं, आणि मी घेतलं.

४ मे. सकाळी प्रज्ञाचा फोन आला. ‘मामी, तू तरी चल. तुझ्या वडिलांचं दुकान होतं ना, तुला कळत असेल.’ तिला मशीन तापवून ऐकायला शिकवलं तर ती घरी येऊन मामाला सांगणार, हे आधी माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, ‘मला त्यातलं काही कळत नाही गं.’

आतून अनंत म्हणाला, ‘तिला काय इचारते? इतकी वरसं वाजवून मला नाय कळलं, तिला काय कळणार?’

मी म्हटलं, ‘खरं आहे.’ फोन ठेवला आणि त्याचा डबा भरला.