पारूबाईचं बाकडं

पारूबाईनं जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली, पण ग्रामपंचायतीची घरपट्टी कधी थकवली नाही. म्हणून पंचायतीनं समाजमंदिरापुढं लोखंडी बाकडं ठेवलं तेव्हा ती हौसेनं त्यावर बसली. "आजी, जरा हसा की," म्हणत ग्रामसेवकानं मोबाइलवर फोटो काढला. मग पंचायतीच्या हलकटांनी तिला उठवलं आणि बाकडं ट्रॉलीत घालून सरपंचाच्या अंगणात नेऊन टाकलं.

ग्रामसभेत बाकड्याचा खर्च वाचून दाखवला, तेव्हा तिनं उठून विचारलं, "आमचं बाकडं कुठं हाय?"

ग्रामसेवकानं तोच फोटो सगळ्यांपुढं धरला. "आवं आजी, ह्याच्यावर तुमीच बसलाय न्हवं? वर हसताय बी."

लोक खिदळले आणि हसतहसतच त्यांनी खर्चाच्या मंजुरीला हात वर केले. पारूबाई बाहेर येऊन पचकन थुंकली. फोटोतल्या आपल्याच दातांची तिला शिसारी आली होती.