ओनोफ्रेची बंदूक आणि देल्फिनाची किल्ली

चर्चच्या खिडक्या पुसत होते तेव्हा ते भांडण माझ्या कानावर पडलं. ओनोफ्रे मायेस्तास आणि त्याची बायको देल्फिना बाहेर ट्रकमध्ये बसले होते. काचा वर केल्या की आवाज आतच राहतो, अशी त्यांची समजूत असावी. आमच्या गावात अशी समजूत असणारे बरेच आहेत.

"गांजाच्या कागदावर सही करून आलास? दवाखान्यातल्या त्या पोरीसमोर?" देल्फिना विचारत होती.

"डॉक्टरने लिहून दिलंय. खांदा झोपू देत नाही मला."

"म्हणजे आता सरकारदरबारी नोंद झाली, की तू गांजा ओढतोस."

"सांता फेचं, आपल्या राज्याचं सरकार हो म्हणतंय त्याला."

"आणि वॉशिंग्टनचं? ते म्हणतं, गांजा ओढणाऱ्याने बंदूक बाळगायची नाही. शेजारच्या फेर्मीनच्या मुलाला बंदुकीच्या दुकानात हेच विचारलं. दोन्हींपैकी एक घराबाहेर जाणार, ओनोफ्रे. गांजा नाहीतर बंदूक."

"मग बंदूक तुझ्या नावावर करू."

"माझ्या नावावर तू आहेस, तेवढं पुरे."

मी फडकं पिळलं आणि तीच खिडकी पुन्हा पुसायला घेतली.

ओनोफ्रेची बंदूक घराबाहेर जाणं म्हणजे काय, हे आमच्या डोंगरातल्या कुणालाही सांगायला नको. थंडी पडली की घरोघर मतान्सा होतो. एका घरचं डुक्कर मारायचं आणि सगळ्या शेजाराने मिळून कापायचं, तळायचं, खायचं. ते डुक्कर पाडायचं काम ओनोफ्रेचं. त्याच्याआधी त्याच्या बापाचं होतं, बंदूकही बापाचीच. तो अंगणात आला की आधी सगळ्यांना गप्प करायचा. मग डुकराला सफरचंद द्यायचा, त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलायचा आणि कपाळावर कोळशाने फुली मारायचा. एक गोळी. डुक्कर गुडघ्यावर बसायचं, जणू प्रार्थनेला. पैसे तो घ्यायचा नाही. बादलीभर काळीज आणि मांस मागून घ्यायचा आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दारी पोचवायचा. लाकूडतोडीत ओंडका खांद्यावर पडला, त्यानंतरही हे चुकलं नव्हतं.

पण त्या सहीनंतर माणूस बदलला. रस्त्यावर अनोळखी गाडी दिसली की कुंपणाशी येऊन उभा राहायचा.

"क्लेओफास, कोण होता गं तो?"

"मीटर बघणारा."

"मीटर बघायला काळा चष्मा कशाला?"

"ऊन आहे म्हणून."

"ऊन काल नव्हतं का? काल नव्हता घातला त्याने."

आपलं नाव कुणीतरी वॉशिंग्टनवाल्यांना सांगणार, हे त्याच्या डोक्यातून जाईना. एकेकावर त्याचा संशय फिरून गेला. टपाल वाटणारी, फेर्मीन, पुतण्या आब्रान. एक आठवडा माझ्यावरही होता. त्या आठवड्यात त्याने मला नमस्कार केला नाही, पण लाकडं मात्र फोडून दिली.

आता हा कायदा मलाही नीटसा कळत नाही. गांजा दारूत मुरवून सांध्यांना चोळायचा, हे आमच्या आयांच्याही आधीपासून चालत आलंय. माझी बाटली भांडी घासायच्या साबणामागे असते आणि गेलेल्या नवऱ्याची बंदूक दारामागे. मी पाद्रीबाबांना विचारलं, "बाबा, चोळणं हेही ओढण्यातच मोडतं का?" ते म्हणाले, "क्लेओफास, हे मला नको विचारूस." म्हणजे त्यांच्याकडेही बाटली असणार.

मग फेर्मीनच्या मतान्साला ते घडलं. गोळी लागली, डुक्कर बसलं आणि पुन्हा उठलं. रक्त सांडत बर्फातून थेट पाटापर्यंत पळालं. आब्रानने धावत जाऊन सुरीने संपवलं. बायकांनी मुलांचे डोळे झाकले. ओनोफ्रे फुली मारली होती तिथेच उभा राहिला.

कढई तापायच्या आत कुजबुज सुरू झाली. "डोळे लाल होते त्याचे." "हसत होता म्हणे मघाशी." खरं तर त्या अंगणात पहाटेपासून व्हिस्कीची बाटली फिरत होती आणि ओनोफ्रेने नेम धरला तेव्हा फेर्मीन डुकराच्या मागे शेकोटीत धडपडला होता. पण फेर्मीनचे डोळे कुणी तपासले नाहीत. सगळ्यांनी ओनोफ्रेचेच तपासले. तळलेलं मांस वाढायच्या निमित्ताने मीही जवळ जाऊन बघून आले. लाल होते. धुरानेही झाले असतील.

रविवारी चर्चबाहेर आब्रान सरळच म्हणाला, "काका, बंदूक माझ्याकडे द्या."

"का?"

"का ते तुम्हाला ठाऊक आहे. उद्या डुकराऐवजी एखादं पोर समोर आलं तर?"

"तुझ्या आजोबांनी ही बंदूक माझ्या हातात दिली होती."

"आजोबा तंबाखू ओढायचे, काका."

ओनोफ्रेने टोपी घातली आणि गेला. त्या दिवसापासून त्याने गांजा सोडला. कुणी विश्वास ठेवला नाही. दुकानात तो जवळून गेला की माणसं नाक वर करून वास घ्यायची, आणि वास आला नाही तर म्हणायची, आता लपवायलाही शिकला.

पुढचा मतान्सा माझा होता. मी आब्रानला बोलावलं असतं, तर ओनोफ्रेचं काम कायमचं सुटलं असतं. ओनोफ्रेला बोलावलं असतं, तर माझ्या अंगणात कुणी पोराबाळांना आणलं नसतं. मी त्याच्या घरी गेले. त्याने कॉफी ओतली, अर्धी कपात आणि अर्धी मेजावर. हात थरथरत होता. चेहरा झोप नसलेल्या माणसाचा.

"खरं सांग, ओढतोस की सोडलंस?"

"तू काय ऐकायला आलीस ते सांग. ओढत असलो तर बोलावणार, की सोडलं असलं तर?"

मी त्याच्या हाताकडे बघितलं.

"सोडलं तर हा हात," तो म्हणाला. "ओढलं तर तुमची तोंडं. मी नेम कशाने धरू?"

देल्फिना चुलीशी पाठ करून उभी होती. ती म्हणाली, "रात्रभर खोलीत येरझारा घालतो. मलाही झोपू देत नाही. क्लेओ, तू आब्रानला बोलाव."

मी दोघांनाही बोलावलं. माझं डुक्कर, माझी मर्जी.

त्या सकाळी ओनोफ्रे बंदूक घेऊन आला. हात स्थिर होता. त्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता.

"काका, ओढून आलात?" आब्रानने विचारलं.

"काल रात्री ओढला. झोपलो. म्हणून मी ही चालवणार नाही." त्याने बंदूक माझ्या लाकडी मेजावर ठेवली. "आता ज्याने पहाटेपासून थेंबही घेतला नाही, त्याने उचलावी. पण आधी मी हुंगणार."

आणि खरंच तो एकेकाच्या तोंडाशी नाक नेऊ लागला. फेर्मीन दोन पावलं मागे सरकला. आब्रान म्हणाला, "थंडी होती हो. कॉफीत जरासं..."

"जरासं माझंही होतं," ओनोफ्रे म्हणाला.

"ते वेगळं!"

"कसं वेगळं? सांग, सगळे ऐकतायत."

कायद्यात ते वेगळं आहे, एवढंच आब्रानला माहीत होतं. अंगणात न प्यायलेला एकही पुरुष उरला नाही. मी म्हटलं, "आणा इकडे, मी उचलते."

"क्लेओफास, तुझ्या गुडघ्यांचा वास कुंपणापर्यंत येतोय," ओनोफ्रे म्हणाला.

सगळे हसले. तेवढ्यात देल्फिना स्वयंपाकघरातून बाहेर आली, कोपरापर्यंत पीठ. "तुमचं ठरेपर्यंत डुक्कर म्हातारं होऊन मरेल," ती म्हणाली. हात ॲप्रनला पुसले आणि बंदूक उचलली. तिने आयुष्यात दारूला तोंड लावलं नव्हतं. गांजाचं तर नावही घेऊ देत नव्हती.

ओनोफ्रेने डुकराला सफरचंद दिलं, दोन शब्द बोलला आणि कपाळावर फुली मारली. रेघ सरळ आली. गावातला सगळ्यात स्थिर हात त्या दिवशी तोच होता. किंवा डुक्कर माझं होतं म्हणून मला तसं वाटलं असेल.

"जरा खाली धर," तो म्हणाला.

"मला शिकवू नकोस. इतकी वर्षं बघतेय मी."

एक गोळी. डुक्कर गुडघ्यावर बसलं.

त्यानंतर बंदूक देल्फिनाच्या नावावर झाली. लोखंडी पेटी आली आणि किल्ली तिच्या गळ्यात, क्रूसाशेजारी. मतान्साला दोघं बरोबर यायची. फुली त्याची, गोळी तिची. गोळी सुटेपर्यंत अंगणात बाटली निघायची नाही, असा नियमच झाला आणि पुरुषांनी तो राग देल्फिनावर कायम धरला. तिचा नवऱ्यावर विश्वास बसला होता असं मात्र समजू नका. घरी गेल्यावर ती उरलेल्या गोळ्या मोजायची. त्याला संशय होता की ती गोठ्यामागे चोरून सराव करते. गावाला संशय होता की पेटीला दुसरी किल्ली आहे. मी एकदा त्यांच्याकडे पीठ उसनं आणायला गेले तेव्हा फळीवरच्या डब्यांमागे हात घालून बघितला. सापडली नाही. म्हणून ती नव्हतीच, असं मी म्हणणार नाही.

ओनोफ्रेच्या आयुष्यातल्या शेवटच्या थंडीत त्याला धाप लागायची. तरी फेर्मीनच्या मतान्साला आला. लोकांनी नेहमीसारखं आधी त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्याने सफरचंद दिलं, फुली मारली आणि बाजूला होऊन दोन्ही रिकामे हात देल्फिनाला दिसतील असे समोर धरले. तिने ते बघितले, मगच गोळी झाडली. मग तो बादली भरून म्हाताऱ्या प्रिमितिवाच्या दारी गेला. तिने दार अर्धंच उघडलं, त्याला हुंगलं, आणि बादलीत वाकून मांसही हुंगलं.

"ताजं आहे ना रे?"

"सकाळचंच आहे, आजी."

तिने पातेलं पुढे केलं. त्याने त्यात मांस काढलं, बादली दुसऱ्या हातात घेतली आणि पुढच्या घराकडे चालू लागला.