कोसाडची राहिलेली पत्रे

आमच्या मंडळाच्या वार्षिक सभेची पत्रे कोसाडच्या सभासदांना का मिळाली नाहीत, याच्या दोन हकिकती लिंबायतमध्ये अजून सांगितल्या जातात. एकीत म्हाताऱ्या चिटणीसाला संगणक कळला नाही. दुसरीत त्याने विरोधकांची नावे शिताफीने उडवली. एकच माणूस एकाच दुपारी इतका अडाणी आणि इतका कावेबाज कसा होता, हे सांगणाऱ्यांनी आधी आपसांत ठरवावे. तो चिटणीस मी.

खानदेशातून यंत्रमागावर कामाला आलेल्या कुटुंबांचे हे मंडळ. सभेची पत्रे मी वर्षानुवर्षे हाताने लिहिली. यंदा सभेत चिटणीसाची निवडणूकही व्हायची होती. नेमकी त्याच वेळी खजिनदाराने सभासदांची यादी एक्सेलमध्ये चढवली, पत्रे छापीलच हवीत असा आग्रह धरला, आणि नावा-पत्त्यांची माझी जुनी वही मात्र ‘तपासायची आहे’ म्हणून स्वतःकडे ठेवली. मला तेव्हाच संशय आला होता.

सूनबाई कापड बाजारातल्या एका पेढीत संगणकावर काम करते. तिने मला शिकवायला घेतले.

“बाबा, पत्र एकदाच लिहायचं. नावाच्या जागी यादीतला नावाचा रकाना बसवायचा. याला मेल मर्ज म्हणतात.”

“आणि नाव एकाचं, पत्ता दुसऱ्याचा लागला तर?”

“एका ओळीतलं सगळं एकाच पत्रात जातं.”

“हे यंत्र सांगतं की तू?”

“ल्यो! आता कोर्टातच उभी करा मला.”

यादी जोडताना एक चौकट उघडली. तीत दोन नावे होती : ‘सभासद’ आणि नुसते ‘शीट २’. मी ‘सभासद’ निवडले. दुसरे काय निवडायला हवे होते? त्यानंतर एकेक पत्र पडद्यावर पुढे सरकवून मी यादीशी ताडून पाहिले, दोन आडनावे दुरुस्त केली. वहीशी ताडले नाही, कारण वही माझ्याकडे नव्हती.

आठ दिवसांनी मंडळाच्या खोलीत सर्वांसमक्ष खजिनदार म्हणाला, “कोसाडमध्ये एकालाही पत्र नाही. चिटणीससाहेब, ती मतं तुमच्या विरुद्धच जातात ना?”

मी तिथेच फाइल उघडायला लावली आणि तळाशी ‘शीट २’वर बोट ठेवले. लिंबायत सोडून कोसाडच्या वसाहतीत गेलेली सगळी कुटुंबे त्या पानावर होती.

“पत्ते बदलले, म्हणून वेगळी ठेवली,” तो म्हणाला.

“मग त्या पानाला नाव का दिलं नाही?”

“राहिलं.”

एवढेच उत्तर. ते खरे असेलही. मला अजून पटलेले नाही. ते पान मी उघडून पाहिले नाही, ही माझी चूक मी त्याच बैठकीत कबूल केली. दुसऱ्या कोणी काही कबूल केल्याचे मला आठवत नाही.

सभा पंधरा दिवस पुढे गेली. या खेपेला मी एकट्याने मर्ज केले, वही मागून घेऊन प्रत्येक नाव ताडले आणि पत्रे घेऊन रिक्षाने कोसाडला गेलो. ज्याच्या शेजारच्या मागावर मी उमेदीची वर्षे काढली, तो जुना सोबती दारातच उभा होता.

“आमले वाटनं, तुम्ही आमनं नाव काढी टाकं,” तो म्हणाला.

“काढलं असतं तर पत्र घेऊन आलो असतो का?”

“बोंब झाली, म्हणून आलात.”

मी त्याच्या हाती पत्र दिले. त्याने नाव वाचले, पत्ता वाचला, घराच्या क्रमांकावर बोट फिरवले आणि मागची बाजूही पाहिली. माझ्यासारखाच संशयी.

“सभेले येसू,” तो म्हणाला, “पन मत तुमले देवाव नही.”

“मत मागायला आलो नाही. पत्र मिळालं, अशी इथे सही कर.”

त्याने सही केली, आणि बाकीच्यांची दारे दाखवायला चपला घालून माझ्याबरोबर निघाला.