चोकची वायर

त्या वायरीची आठवण झाली की आजही माझं डोकं फिरतं.

वडिलांनी हौसेनं घेतलेली जुनी पेट्रोलची मोटार आमच्याकडे होती. ते गेल्यावर मी तिची मागची सीट काढून टाकली, कारण त्या दुष्काळात गाडीला नवंच काम लागलं होतं. गावातली जनावरं चारा छावणीत होती, दूध आटत चाललं होतं आणि एवढ्याशा दुधासाठी टेम्पो पाठवायला तालुक्याचा दूध संघ तयार नव्हता. म्हणून गावच्या दूध सोसायटीचे कॅन मीच पहाटे शीतकरण केंद्रावर पोचवायचो. संघानं बजावलं होतं, आणखी एक खाडा झाला तर तुमचं संकलन बंद. छावणीत धुळीत बसून म्हशी जगवणाऱ्या बायकांना दुसरी कसलीच मिळकत उरली नव्हती. माझी आई त्यांच्यातलीच.

त्यात गाडीच्या चोकची तार तुटली. थंड इंजिनाला सुरू होताना पेट्रोल जास्त आणि हवा कमी लागते, ते काम चोकचं. तशी तार मिळेना, म्हणून भंगारातून विजेवर चालणारा चोक आणून कार्बोरेटरला बसवला. त्याच्या गोल टोपीत स्प्रिंग असते. वीज मिळाली की ती तापते आणि चोक हळूहळू उघडतो. म्हणजे वीज गाडी चालू असतानाच मिळायला हवी. मी केजहून वायर आणली, किल्लीच्या स्विचपासून कार्बोरेटरपर्यंत नीट फिरवून नेली, मध्ये फ्यूज टाकला. गाडी एका चावीत सुरू व्हायला लागली.

थोरले काका सोसायटीचे चेअरमन. मध्ये स्विच असलेली कुठलीही गोष्ट त्यांना खपत नाही. आमच्याकडे लाइट कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून विहिरीवरच्या पंपाला ऑटो लावून ठेवतात, लाइट आली की पंप आपोआप सुरू. त्या वर्षी विहीर आटली तरी काकांनी ऑटो काढला नाही. पंप कोरडा फिरून जळाला आणि खापर लाइटवाल्यांवर फुटलं. असा माणूस एका दुपारी माझ्या गाडीच्या बॉनेटमध्ये वाकला.

"एवढी वायर फिरवलीस कावून रे? बॅटरीवरून डायरेक्ट दे की."

मी समजावून सांगितलं, डायरेक्ट दिली तर गाडी बंद असतानाही टोपी तापत राहील आणि सकाळपर्यंत बॅटरी उतरेल. त्यांनी पटल्यासारखी मान हलवली. संध्याकाळी मी छावणीत धार काढायला गेलो आणि मागं त्यांनी आपलंच खरं केलं.

पहाटे कॅन चढवले, किल्ली फिरवली. नुसतं कट् वाजलं. बॉनेट उघडलं तर माझी वायर कापून बॅटरीला गुंडाळलेली, वर साधी टेपसुद्धा नाही. रात्रभर उभ्या गाडीचा पत्रा गार आणि चोकची टोपी कोमट. बायकांनी पदर खोचून फाट्यापर्यंत धक्का मारला. बॅटरीच मेलेली, ठिणगी कुठून पडणार? काका आपली जीप घेऊन अंधारातच बीडला निघून गेले होते. भाड्याची काळी-पिवळी जीप मिळेपर्यंत ऊन चढलं. केंद्रावरच्या माणसानं झाकण उघडून वास घेतला आणि कॅन परत केले.

संकलन बंद झालं. सभेत काकांनी सांगितलं की दुष्काळामुळं हा दिवस बघावा लागला, निसर्गापुढं कुणाचं चालत नाही. लोकांनी माना डोलावल्या. आमच्याकडे दुष्काळाच्या नावावर वाट्टेल ते खपतं, याचीच मला चीड येते. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आई उठली. थोरल्या दिरासमोर ती जन्मात बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर सावरून ती म्हणाली,

"पाऊस न्हाई पडला, खरं हाय. पर वायर पावसानं न्हाई कापली."

काकांनी पाणी मागवलं आणि पुढचा विषय घेतला.

छावणी उठायच्या आधीच आईची म्हैस बाजारात गेली. वायर मी पुन्हा किल्लीवरून घेतली. गाडी एका चावीत सुरू होते, न्यायला दूध नाही. काका रस्त्यात भेटले की विचारतात, गाडी बरी चालती का.