गप्प न बसणारी पिपाणी

दुष्काळात आमची मेंढरं विकली तेव्हा मी आठवीत होतो. त्याआधी आमचं घर म्हणजे घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड. गावी, कळसला, दोन खोल्या होत्या, पण वर्षातले आठ महिने त्यांना कुलूप. मला शाळेसाठी चुलत्याकडं ठेवलेलं. तिथं भाकरी मिळायची, कालवण-कोरड्यास मिळेलच असं नाही.

सुट्टीत मी मेंढरांमागं जायचो. दुपारी आबा, म्हणजे माझे वडील, बाभळीखाली तोंडावर पटका ओढून पडायचे. डोळे बंद, कान उघडे. मेंढरांच्या गळ्यातल्या घाट्या संथ वाजत असल्या की चरणं नीट चाललंय. सगळ्या एकदम थांबल्या की काहीतरी दिसलंय. एकच घाटी घाईनं वाजायला लागली की एखादं काट्यात अडकलंय. आबांना अंक लिहिता येत नव्हते. पण कळपाचा सगळा हिशेब त्यांच्या कानात असायचा.

घराण्यातला पहिला पदवीधर मी. बीएस्सी, इलेक्ट्रॉनिक्स. हे मी अजून छाती पुढं काढून सांगतो. आता जे सांगणार आहे ते सांगताना मात्र ती जरा आत जाते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी बारामतीला एका शेतकी विस्तार केंद्रात टेक्निशियन होतो. आमच्यापुढं प्रश्न होता जादा पाण्याचा. पाटाची पाळी, म्हणजे कालव्याचं पाणी घ्यायचा आपला नंबर, आली की लोक गरज असो नसो रान भरून घ्यायचे. पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा नव्हता, त्यामुळं त्यांचंही चुकत नव्हतं. जमिनीतली ओल मोजायचं काट्याचं मीटर केंद्रात होतं. पण उन्हात काटा दिसायचा नाही, दिसला तर आकडा वाचायचा कोणी, आणि वाचून करायचं काय? मीटर कपाटात पडून होतं.

मला आबांच्या घाट्या आठवल्या. आकडा डोळ्याला दाखवण्यापेक्षा कानाला ऐकवला तर?

मी एक सर्किट बांधलं. सायकलच्या चाकाच्या दोन तारा मातीत खुपसायच्या. ओली माती वीज सहज जाऊ देते, कोरडी अडवते. वीज सहज गेली तर स्पीकरमधून बारीक, उंच शिट्टी. अडली तर आवाज जाड होत जातो, आणि पार कोरड्या मातीत नुसतं टक… टक… टक. सगळं एका साबणाच्या डबीत बसायचं. रिपोर्टात मी त्याला 'ध्वनी-आर्द्रतामापक' लिहिलं. लोकांनी पहिल्याच दिवशी पिपाणी म्हटलं.

आमचे साहेब शितोळे. त्यांनी डबी कानाला लावली. "अरे, हे जत्रेतलं खेळणं झालं."

"साहेब, खेळणं आहे म्हणूनच लोक हातात घेतील. आणि मी देणार नाही, त्यांच्याकडूनच बनवून घेणार. तीन दिवसांची कार्यशाळा. सोल्डरिंगसुद्धा तेच करतील."

"ऊसवाले सोल्डरिंग करतील?"

कोऱ्हाळे बुद्रुकच्या ऊसवाल्यांनी केलं. बोटं भाजून घेतली, एकमेकांच्या डब्यांना नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी सगळे आपापल्या रानात तारा खुपसत फिरत होते. एक तात्या म्हणाले, "आयला, माझं रान तर चार दिसांनीबी शिट्टी मारतंय. मी उगंच पाणी पाजत बसलो व्हय!" त्यांनी पाळ्या लांबवल्या, ऊस जोमात राहिला. शितोळे साहेबांनी पुण्याला फोन केला. मी हवेत.

दुसरी कार्यशाळा इंदापूर तालुक्यात, निरवांगीला. बारा जण आले, त्यात एकच बाई, मालनताई. नवरा ट्रकवर, महिना-महिना बाहेर. शेती एकत्र, कारभार दिराच्या हातात. त्या वर्षी हट्ट करून त्यांनी अर्धा एकर स्वतःकडं मागून घेतला होता आणि कांद्याचं बी धरलं होतं. म्हणजे कांदे पुन्हा लावायचे, त्यांना दांडे येतात, दांड्यावर पांढरे गोंडे, गोंड्यात बी. दिराची अट एकच. बी चांगलं आलं तर तो अर्धा एकर कायमचा त्यांच्या मर्जीनं. नाही आलं तर पुढच्या हंगामापासून सगळीकडं ऊस, आणि परत विषय काढायचा नाही.

मालनताईंचं सोल्डरिंग बारा जणांत सगळ्यांत नीट. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, "गोधडीला टाका घालतो आमी. ह्यो तर नुसता चटका हाय."

तीन आठवड्यांनी त्या बारामतीला केंद्रात आल्या. एका हातात साबणाची डबी, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी.

"भाऊ, ही गप्पच बसत न्हाय. पाणी देऊन आज बारा दिस झालं. पात करपायलीय, दांडं माना टाकायल्यात. आन् ही आपली पी करतीय."

मी डबी उघडली. सगळे टाके तपासले, बॅटरी बघितली, माझ्याकडचे ठरलेले रेझिस्टर लावून आवाज ऐकला. यंत्र बिनचूक.

"यंत्र बरोबर आहे ताई. तुमची जमीन ओल धरून ठेवतेय. पात करपते ती पाणी जास्त झाल्यानं."

"परवा पाळी हाय. घिऊ का सोडू?"

मी क्षणभरही थांबलो नाही. "सोडा."

त्या उठल्या नाहीत. "सोडली तर म्होरली पाळी तीन आठवड्यांनी. हिरीनं तर तळ गाठलाय. आमचं दीर आत्ताच म्हनत्यात, वैनी आता पिपाणीला विचारून सैपाक करणार. तुमी एकडाव येऊन बघता का?"

त्या आठवड्यात पुण्याहून पाहुणे येणार होते, माझीच पिपाणी बघायला. टेबलावर तक्ते पडले होते, प्रात्यक्षिकाची तयारी व्हायची होती.

"पुढच्या आठवड्यात बघू. पण काळजी करू नका. तुमच्या डोळ्यापेक्षा हे यंत्र खात्रीचं आहे."

हे वाक्य मी बोललो. शब्दन् शब्द आठवतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुमी शिकलेली मानसं." जाताना पिशवी टेबलावर ठेवली. "रानातलं ढेकूळ आणलंय. सवड मिळंल तवा बघा."

पाहुणे आले, शिट्टी ऐकून खूश झाले, जेवून गेले. टेबल आवरताना पिशवी हाताला लागली. मालनताईंना जाऊन आठ दिवस झाले होते.

ढेकूळ बाहेर काढलं. वरून पांढरट, पीठ भुरभुरल्यासारखं. आतून जेमतेम ओलसर. पिकाला उपयोग होईल एवढी ओल त्यात नव्हती, हे कुठल्याही शेतकऱ्यानं बोटानं दाबून सांगितलं असतं. मी तारा खुपसल्या. उंच, बारीक, स्वच्छ शिट्टी.

केंद्राच्या बागेतली तशीच जेमतेम ओलसर माती घेतली. जाड आवाज. कँटीनमधून चमचाभर मीठ आणून तिच्यात पाण्याच्या चार थेंबांनी कालवलं. शिट्टी.

क्षारामुळं वीज सहज जाते. हे मी कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकलो होतो. प्रॅक्टिकलला पूर्ण मार्क होते. आणि पांढरं फुटलेलं रान? मी कळसचा, त्याच इंदापूर तालुक्यातला. अशा रानांतून मी मेंढरं हाकली होती. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या, फक्त एका जागी आणल्या नव्हत्या. कोऱ्हाळ्याच्या रानांत क्षार नव्हता, म्हणून पिपाणी खरं बोलली. निरवांगीच्या त्या अर्ध्या एकरात ती पाण्याचं नव्हे, मिठाचं सांगत होती.

त्याच दिवशी एसटीनं निरवांगीला गेलो. रानात पोचलो तेव्हा दिराची, नामदेवरावांची, गाठ बांधावरच पडली.

"या इंजिनेर. बघा तुमच्या शिट्टीचं पीक."

दांडे आडवे झाले होते. गोंडे तपकिरी. मी एक चोळून बघितला, हातात नुसता कोंडा आला. पाळी निघून गेली होती. आता पाणी देऊनही काही होणार नव्हतं.

मालनताई पलीकडं वाळलेले दांडे उपटत होत्या. मी जवळ गेलो आणि सगळं सांगितलं. मीठ, वीज, शिट्टी, माझी चूक. काही झाकलं नाही.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "मला पात दिसत हुती, भाऊ. मला वाटत हुतं पाणी द्यावं. पर तुमी म्हनलात, डोळ्यापरीस यंत्र खात्रीचं."

"हो. म्हणालो."

त्या उपटतच राहिल्या. मग हात थांबवून म्हणाल्या, "मंजी ही मीठ वळखती?"

"ओळखते म्हणजे… हो. सगळीकडं सारखं पाणी दिल्यावर जिथं जास्त उंच वाजेल, तिथं क्षार."

"मग आदी त्येच का न्हाय शिकिवलं?"

नामदेवराव मागून म्हणाले, "वैनी, ठरल्यालं ध्यानात हाय न्हवं?" त्या "हाय" म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

शितोळे साहेबांना मी लेखी दिलं की पिपाणी खारवट जमिनीत चुकीचं सांगते आणि एका बाईचं पीक माझ्या सल्ल्यानं गेलं. ते म्हणाले, "पहिलं वाक्य ठेव. दुसरं काढ." मी काढलं. तेही या हिशेबात धरा.

पुढच्या सुट्टीला गावी गेलो तेव्हा आबांना हे सांगितलं. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकलं आणि एवढंच विचारलं, "घाटी वाजली की मी काय करायचो?"

"उठून बघायला जायचात."

"मग?" ते म्हणाले, आणि चिमूट तोंडात टाकली.

यंत्र तपासायला मला दहा मिनिटं लागली होती. रान बघायला एक एसटी लागली असती. माझ्या धंद्यातला धडा एवढाच आहे, आणि तो मी दुसऱ्याच्या रानावर शिकलो.

पुढच्या प्रत्येक कार्यशाळेचा पहिला दिवस मी मिठाचा ठेवला. लोकांनी घरून ढेकळं आणायची, मीठ घातलेल्या आणि न घातलेल्या मातीचा आवाज आधी ऐकायचा, मगच सोल्डरिंगला हात लावायचा. निरवांगीला परत गेलो. बाराही घरांनी पाण्यानंतर रानं आवाजावर तपासली आणि खारवट जागी खुंट्या रोवल्या. चौघांनी चर खणून क्षाराचं पाणी बाहेर काढलं आणि दोन हंगामांत त्या जागांवर पीक उभं राहिलं. त्या चौघांत नामदेवराव होते. त्यांच्या खुंट्यांच्या जागा मालनताईंनीच पिपाणी ऐकून दाखवल्या होत्या.

मालनताईंच्या अर्ध्या एकरात ऊस लागला. नंतरही ऊसच राहिला.